न लागणाऱ्या हीटरची महाग गळती

पाळी, कोठंबी, वेळगे, सुर्ल हा डिचोली तालुक्याचा दक्षिणेकडील भाग गेली कित्येक दशके चाकांवर जगत आला आहे. खाणीवरून मांडवीच्या धक्क्यावर खनिज नेणारे टिपर हे त्याचे ठळक रूप; पण त्यांच्या मागेपुढे धावणाऱ्या लहान पिकअप गाड्यांवरही येथील अनेक घरांची चूल पेटते. चिरे, सिमेंट, नारळ, काजू, चोर्ला घाटातून उतरणारी बेळगावची भाजी, चवथीच्या आठवड्यात माटोळीचे सामान, हे सारे याच गाड्यांच्या हौद्यातून गावोगावी पोहोचते. यांतील बऱ्याच गाड्या दहा-पंधरा वर्षे चाललेल्या, दोन-तीन हात बदललेल्या असतात. टायर, क्लच, ब्रेक, इंजेक्टर यांची विचारपूस त्यांचे मालक नियमाने करतात. हीटरची मात्र कोणी करीत नाही.

यात नवल नाही. गोव्यात पारा पंधरा अंशांच्या खाली क्वचितच उतरतो. केबिन तापवण्याची गरजच पडत नसेल, तर ती तापवणारे यंत्र चालू आहे की बंद, याची फिकीर कोण करणार? पण जुन्या पिकअप गाडीत हीटर वापरला नाही म्हणून तो इंजिनापासून सुटा होत नाही. इंजिन थंड ठेवणारे पाणीच त्यातून फिरते. तो गळू लागला की ते पाणी जाते, आणि पाणी गेले की इंजिन जाते. थंड प्रदेशात हीटरचा बिघाड हिवाळ्याच्या पहिल्याच सकाळी लक्षात येतो, कारण पाय गारठतात. गोव्यात अशी सकाळ उगवत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे न लागलेला हा भाग आपल्या बिघाडाची वार्ता बहुतेक वेळा थेट इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावरच देतो.

डॅशबोर्डमागचा लहान रेडिएटर

हीटर कोअर, ज्याला गॅरेजमध्ये सर्रास ‘हीटर कॉईल’ म्हणतात, हा प्रत्यक्षात एक छोटा रेडिएटर असतो. आकार साधारण वहीएवढा. आत बारीक नळ्या, त्यांभोवती पातळ पत्र्याच्या पट्ट्या, दोन्ही अंगांना लहान टाक्या. इंजिनातून निघालेल्या ८० ते ९० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याचा एक लहान प्रवाह रबरी नळीने केबिनच्या पत्र्यातून आत येतो, या नळ्यांतून फिरतो आणि दुसऱ्या नळीने परत इंजिनाकडे जातो. ब्लोअरचा पंखा त्यावरून हवा फेकतो व ती तापून पायांकडे किंवा पुढच्या काचेकडे जाते. जुन्या गाड्यांत हा कोअर तांब्या-पितळेचा, डाख दिलेला असे. पुढे ॲल्युमिनियमच्या नळ्या व प्लास्टिकच्या टाक्या आल्या. पहिला प्रकार जड पण दुरुस्त होण्याजोगा, दुसरा हलका पण फुटला की बहुधा बदलण्याजोगाच.

सगळ्याच पिकअप गाड्यांना हीटर असतो असे नाही. साध्या आवृत्तीत अनेकदा नुसता ब्लोअर असतो. टाटा २०७ असो, बोलेरो पिकअप असो किंवा त्याहून लहान गाडी, आपल्या गाडीत तो आहे की नाही हे कळण्यासाठी कागदपत्रे चाळावी लागत नाहीत. बॉनेट उघडून इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याकडे पाहावे. बोटाएवढ्या जाडीच्या दोन रबरी नळ्या शेजारी शेजारी त्या पत्र्यातून आत जात असतील, तर डॅशबोर्डमागे हीटर आहे. त्या दोन नळ्या आत न जाता इंजिनाच्या बाजूलाच एकमेकींना जोडलेल्या दिसल्या, तर हीटर होता, तो गळला आणि आधीच्या कोणीतरी तो तोडून टाकला, असे समजावे. जुनी गाडी विकत घेताना एवढी एक खूण गाडीचा बराच इतिहास सांगून जाते.

काही गाड्यांत हीटरच्या वाटेवर एक तोटी असते. केबिनमधील कळ थंडीकडे सरकवली की केबलने ती तोटी बंद होते. काहींत तोटी नसतेच. पाणी सतत फिरत राहते आणि हवेच्या वाटेवरचे झडप तेवढे उघडते-मिटते. गोव्याच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. तोटीच्या गाडीत कळ वर्षानुवर्षे थंडीकडेच राहते. त्यामुळे कोअरमधले पाणी साचून राहते, गाळ तळाशी बसतो, तोटी गंजून जागच्या जागी अडकते. मग कधीतरी कोणी मुलगा खेळता खेळता ती कळ जोराने ओढतो, किंवा घाटात इंजिन तापले म्हणून चालक ती मुद्दाम उघडतो, आणि सडलेल्या कोअरमध्ये एकदम गरम पाण्याचा दाब शिरतो.

विहिरीचे पाणी आणि जांभा

कोअर सडतो तो आतून, आणि त्याचे पहिले कारण बाटलीतले पाणी होय. ‘कूलंट हे थंड मुलखातले औषध, आपल्याकडे साधे पाणी पुरते’ हा समज वाहनधारकांत पक्का आहे. त्याला इतिहासही आहे. इथिलीन ग्लायकॉलचे कूलंट अमेरिकेत १९२७ पासून विकले जाऊ लागले, तेव्हा ते हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणूनच. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते. पाळीच्या वाहनधारकाला या आकड्याशी काही कर्तव्य नाही. परंतु त्याच मिश्रणात गंजरोधक द्रव्ये असतात, आणि उष्ण प्रदेशात कूलंट घालायचे ते त्यांच्यासाठी. मिश्रणाचा उत्कलनबिंदूही पाण्याहून सुमारे सात अंशांनी वर जातो, हा वरचा लाभ.

दख्खनच्या पठारावर साध्या पाण्याचा दोष क्षारांचा असतो. बोअरवेलचे जड पाणी घातले की नळ्यांत पांढरा थर चढतो व त्या तुंबतात. गोव्यातील जांभ्याच्या प्रदेशात गोष्ट वेगळी आहे. येथील विहिरींचे पाणी सहसा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. पिण्यास गोड, साबणाला फेस भरपूर. म्हणून ते गाडीलाही चांगले, असे वाटते. पण आम्लधर्मी मऊ पाणी धातूवर थर चढवीत नाही, ते धातूच खाते. ओतीव लोखंडाच्या इंजिनातून निघालेला तांबूस गंज बारीक चिखलासारखा फिरत राहतो आणि जेथे नळ्या सर्वांत अरुंद, तेथे म्हणजे हीटर कोअरमध्ये जाऊन बसतो. मांडवीच्या भरतीचे पाणी पोहोचते त्या भागात, खाजनालगतच्या विहिरींना उन्हाळ्यात खारट चव येते. त्यातील क्लोराइडमुळे ॲल्युमिनियमला सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. खाणीच्या खंदकात साठलेल्या पाण्याचा डबा रेडिएटरमध्ये रिकामा करण्याची सवय तर सर्वांत वाईट, कारण त्याबरोबर बारीक खनिज गाळही आत जातो.

बाजारात ‘तयार’ कूलंट मिळते, तसेच पाणी मिसळून वापरायचे घट्ट कूलंटही मिळते. दुसऱ्या प्रकारात मिसळण्यासाठी बॅटरीचे डिस्टिल्ड पाणी घ्यावे. त्याचा खर्च एका बेळगाव फेरीच्या चहापाण्याहून फार अधिक नसतो. हिरव्या रंगाच्या जुन्या पद्धतीच्या कूलंटमधील गंजरोधक दोन-तीन वर्षांत संपतात. दीर्घायुषी म्हणून मिळणारे सेंद्रिय आम्लावर आधारलेले कूलंट साधारण पाच वर्षे टिकते. रंगावर विसंबून दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. रंग हा केवळ उत्पादकाने दिलेला असतो. कूलंट दिसायला स्वच्छ आहे म्हणून ते चांगले आहे, असेही नाही. ग्लायकॉल शिल्लक असते, गंजरोधक मात्र खर्ची पडलेले असतात.

दुसरे कारण विजेचे आहे आणि ते फारसे कोणाला ठाऊक नसते. फॉग लाइट, मोठा हॉर्न, टेप, हौद्यावरचे दिवे असे काही ना काही जुन्या पिकअपला नंतर जोडलेले असते. त्यांची अर्थिंग जिथे सोय होईल तिथे, रंगावर किंवा गंजलेल्या स्क्रूवर दिलेली असते. परतीची वाट नीट न मिळाल्यास विजेचा काही अंश कूलंटमधून वाट काढतो आणि कोअरचा धातू झिजवत राहतो. नवा बसवलेला कोअर वर्षभरात पुन्हा गळला, तर माल निकृष्ट म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी ही एक तपासणी करावी. मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावावी. लाल तार थंड रेडिएटरच्या तोंडातून, धातूला न टेकवता, कूलंटमध्ये बुडवावी. नंतर एकेक दिवा, पंखा, शेवटी स्टार्टर चालू करून पाहावे. काटा ०.३ व्होल्टच्या वर जात असेल तर जो दिवा लावल्याने तो चढला त्याची अर्थिंग दुरुस्त करावी.

उभ्या राहिलेल्या गाड्या

गाडी चालवल्याने झिजते, हे सगळे मानतात. उभी राहिल्यानेही ती झिजते, हा धडा खाणपट्ट्याला दोनदा मिळाला. शाह आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेल्यानंतर १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. एप्रिल २०१४ च्या निवाड्यानंतर व्यवसाय काहीसा सावरला. पण ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि १६ मार्चपासून उत्खनन पुन्हा थांबले. या काळात हजारो टिपर आणि त्यांच्या जोडीने डिझेल, सुटे भाग व माणसे नेणाऱ्या लहान गाड्या अंगणात, माळावर, काजूच्या सावलीत उभ्या राहिल्या. हप्ते मात्र उभे राहिले नाहीत.

अशा उभ्या गाडीतले साधे पाणी खाली बसते. पाण्याची पातळी उतरली की वरचा भाग ओल्या हवेत राहतो, आणि ओली हवा ही पाण्याहूनही अधिक वेगाने गंज धरते. रबरी नळ्या कडक होतात, क्लिपांखाली भेगा पडतात. बाहेरूनही सडणे चालूच असते. ब्लोअर ज्या जाळीतून हवा घेतो, ती पुढच्या काचेच्या तळाशी असते. तिथे आंब्या-फणसाची पाने, वाळवीची माती आणि खाणपट्ट्यातील तांबडी धूळ साचते. पहिल्या पावसात तिचा चिखल होऊन कोअरच्या पट्ट्यांवर बसतो आणि पावसाळाभर ओला राहतो. राज्यात सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या ओलीत पातळ ॲल्युमिनियमची पट्टी किती काळ टिकणार!

लिलावात गेलेल्या पट्ट्यांपैकी डिचोली खनिज पट्ट्यात २०२४ मध्ये उत्खनन पुन्हा सुरू झाले. कामाची चाहूल लागली की उभी गाडी बाहेर काढली जाते. तेव्हा बॅटरी आणि टायर बदलून ती थेट चढावर घालण्याची घाई होते. तसे करण्यापूर्वी जुने पाणी संपूर्ण काढून, तांबूस रंग येईनासा होईपर्यंत धुऊन, हीटरची कळ उष्णतेकडे ठेवून नवे कूलंट भरावे आणि इंजिन जागेवरच तापवून पाहावे. कोअर फुटायचा असेल तर तो अंगणात फुटलेला बरा.

खुणा

कोअर एका दिवसात फुटतो असे क्वचित घडते. आधी तो काही आठवडे पाझरतो, आणि या पाझराच्या खुणा केबिनमध्येच असतात.

पहिली खूण वासाची. इंजिन तापल्यावर, विशेषतः ब्लोअर लावल्यावर, केबिनमध्ये पाकासारखा गोडसर वास येतो. साधे पाणीच भरलेले असेल तर हा वास येत नाही, नुसती कोंदट वाफ जाणवते. दुसरी खूण चालकाशेजारच्या माणसाच्या पायाखालची. तेथील मॅट खालून ओली लागते. पावसाळ्यात ती पावसाने भिजली असे धरून सोडून दिले जाते, आणि एसीच्या गाडीत एसीचे पाणी म्हणून. दोन्ही ओळखणे अवघड नाही. पावसाचे व एसीचे पाणी बोटावर कोरडे, बिनवासाचे असते. कूलंट चिकट, रंगीत, बोटांना निसरडे लागते. पांढऱ्या कापडाने टिपले तर डाग राहतो.

तिसरी खूण सर्वांत फसवी आहे. बाटलीतील पाणी दर चार-पाच दिवसांनी कमी होते, पण गाडीखाली थेंबही दिसत नाही. मालक रोज सकाळी पाणी घालतो आणि त्याला ‘गाडी पाणी पिते’ असे म्हणतो. गाडी पाणी पीत नाही. ते कुठे तरी जातेच. एक तर हेड गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये, नाहीतर हीटरमधून केबिनच्या मॅटखाली. गॅस्केटची शंका घेऊन हेड उघडण्याचा मोठा खर्च करण्यापूर्वी मॅट उचलून पाहायला काहीच पडत नाही, तरी ते क्वचितच केले जाते.

खात्री करायची असेल तर रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर छापलेल्या दाबाएवढा, बहुधा ०.९ बारच्या आसपास, दाब द्यावा आणि पंधरा मिनिटे काटा पाहावा. काटा उतरतो पण बाहेर गळती नाही, अशा वेळी डॅशबोर्डखाली हात घालून पाहावे. मोठ्या गॅरेजमध्ये हा पंप असतो.

चोर्लाच्या वळणावर धुके

कोअरच्या गळतीचा जिवाशी येणारा परिणाम इंजिनावर नव्हे, काचेवर होतो. गरम कूलंटचा बारीक फवारा ब्लोअरच्या हवेबरोबर पुढच्या काचेवर आतून बसतो. पावसाळ्यात काचेवर धुके धरणे हे नेहमीचेच. पण साधे धुके फडक्याने पुसले जाते, ग्लायकॉलचे जात नाही. ते तेलकट असते. पुसले की पसरते आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यात सारी काच पांढरी दिसते. साखळीहून केरी ओलांडून चोर्ला घाट चढताना जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर आधीच दाट धुके असते, वळणे आंधळी असतात आणि भाजीच्या गाड्या बहुधा पहाटेच्या अंधारात उतरतात. तेथे आतली काच आंधळी होणे म्हणजे काय, हे त्या रस्त्याने गेलेल्याला सांगायला नको.

येथे हीटरच्या बाजूनेही एक शब्द बोलला पाहिजे. ज्या पिकअपला एसी नाही, तिच्यात काच आतून कोरडी ठेवण्याचे खात्रीचे साधन हीटरच असते. हवा तापली की तिची ओल धरण्याची शक्ती वाढते आणि काचेवरचा दव ती उचलते. गोव्यात हीटरचा उपयोग शून्य, हे म्हणूनच पूर्ण खरे नाही. वर्षातले दहा-बारा दिवस, तेही घाटात, तो खराखुरा लागतो. एसीच्या गाडीत कधी उलटे घडते. आतून थंड झालेल्या काचेवर बाहेरून धुके धरते. त्याला वायपर पुरतो. धुके आत आहे की बाहेर, हे बोट लावून पाहिल्याशिवाय कळा दाबीत बसू नये.

वाटेत फुटला तर

कोअर चालत्या गाडीत फुटला, तर उकळत्या पाण्याची धार पुढे बसलेल्याच्या पायांवर येते. पिकअपच्या पुढच्या बाकावर दोन-तीन हमाल दाटीने बसलेले असतात, पायांत बहुधा साधी चप्पल. ब्लोअर ताबडतोब बंद करावा, काचा खाली कराव्यात, गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे आणि सर्वांना उतरवावे. भाजलेल्या जागेवर वीसेक मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. तेल, टूथपेस्ट, हळद लावू नये.

त्यानंतर काट्याकडे लक्ष. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जाऊन एकाएकी खाली आला, तर इंजिन थंड झाले असे अनेकांना वाटते व ते गाडी पुढे काढतात. वास्तविक हा काटा पाण्याचे तापमान मोजतो. पाणीच संपले की मोजणारे टोक कोरडे पडते आणि काटा खाली येतो. इंजिन मात्र तापतच असते. ॲल्युमिनियमचे हेड अशा तापात वाकते, गॅस्केट जळते आणि पिस्टन अडकण्याचीही वेळ येते. कोअरच्या पाझराची दुरुस्ती काही हजारांत आटोपते, अडकलेल्या इंजिनाचे काम मात्र एखाद्या जुन्या पिकअपच्या बाजारभावाच्या जवळ जाऊन ठेपते. मग गाडी भंगारात निघते आणि धंदाही तिच्याबरोबर.

रेडिएटरचे झाकण तापलेल्या इंजिनावर उघडू नये. अर्धा-पाऊण तास थांबून, वरची नळी हाताने दाबता येईल इतकी निवल्यावरच जाड फडक्याने झाकण सावकाश फिरवावे. लाल झालेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतले तर हेडला तडा जातो. आणखी एक गोष्ट. घाटात इंजिन तापू लागले की हीटर पूर्ण उघडून ब्लोअर जोरात लावावा, थोडी उष्णता निघून जाते, हा जुन्या चालकांचा सल्ला खरा आहे. हीटर तेव्हा दुसऱ्या लहान रेडिएटरचे काम करतो. पण तो सल्ला धड कोअरसाठी आहे. गोड वास येणाऱ्या गाडीत तो करू नये.

दुरुस्ती आणि बायपास

कोअरची किंमत मोठी नसते, त्याच्यापर्यंत पोहोचण्याची असते. अनेक गाड्यांत त्यासाठी संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि एखादा पूर्ण दिवस जातो. भाडे बुडते ते वेगळे. म्हणून गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो तो बायपासचा: हीटरच्या दोन्ही नळ्या काढून एकमेकींना जोडायच्या आणि कोअर वाऱ्यावर सोडायचा. गोव्यात हा सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही. घाटात न जाणाऱ्या, गावातल्या गावात चिरे वाहणाऱ्या गाडीला तो पुरेसा आहे. अट एवढीच की तो नीट केलेला असावा.

नीट म्हणजे दोन्ही नळ्यांना जोडणारा तुकडा धातूचा, पितळेचा किंवा कूलंटसाठीच बनवलेल्या घट्ट रबराचा असावा. घरातील नळाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा वापरलेला दिसतो, पण पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच मऊ पडते, म्हणजे इंजिनाच्या रोजच्या तापमानालाच. नळ्यांची तोंडे बोल्ट घालून बंद करणे हा आणखी एक प्रकार. काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरते ते हीटरच्याच वाटेने. ती वाट बुजवली तर इंजिनाच्या एका भागात पाणी स्थिर राहते आणि काटा नीट दिसत असतानाही तो भाग तापतो. जोडणे सुरक्षित, बुजवणे नव्हे. काम झाल्यावर आत अडकलेली हवा बाहेर काढणेही आवश्यक, नाहीतर पहिल्याच चढावर गाडी पुन्हा तापते.

गळती बंद करणारी पूड किंवा द्रव बाटलीतून घालणे हा तिसरा मार्ग. तो छिद्र बुजवतो, हे खरे. पण छिद्र कोणते आणि नळी कोणती, हे त्याला कळत नाही. गाळाने आधीच अरुंद झालेल्या नळ्या तो बुजवतो आणि उरलेला भाग मोठ्या रेडिएटरमध्ये जाऊन बसतो. जुन्या गृहिणी गळक्या घागरीला लाख लावीत, त्यासारखा तो घरी पोहोचण्यापुरता उपाय आहे.

तांब्या-पितळेचा कोअर असेल तर रेडिएटरच्या कारागिराकडे नेऊन हवेच्या दाबाने पाण्याच्या टाकीत तपासून डाख लावून घेता येतो. अशा कारागिरांची संख्या घटत चालली आहे, तरी डिचोली, फोंडा, म्हापसा येथे शोधल्यास सापडतात. ॲल्युमिनियम-प्लास्टिकचा कोअर बदलावा लागतो. बदलताना दोन्ही रबरी नळ्या आणि क्लिपाही नव्या घ्याव्यात. जुनी नळी दोन बोटांत चेपली असता आत करकर आवाज आला, तर बाहेरून ती कितीही काळीभोर दिसो, तिचे दिवस भरले. आणि नवा कोअर बसवण्याआधी सगळी यंत्रणा धुऊन घ्यावी. तांबूस चिखल आत तसाच ठेवून नवा कोअर लावणे म्हणजे त्याच रोगावर दुसऱ्यांदा पैसे मोजणे.

काढलेले पाणी कुठे ओतावे

कूलंट बदलल्यानंतर जुने पाणी गॅरेजच्या गटारात किंवा मागच्या माळावर ओतले जाते. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि विषारीही. कुत्री, मांजरे व गुरे ते चाटतात. लहान मुलाच्या बाबतीत तर थोडे प्रमाणही घातक ठरते. पहिल्या काही तासांत नशा केल्यासारखी लक्षणे दिसतात, मग बरे वाटल्याचा भास होतो आणि नंतर मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. या विषावर रुग्णालयात उतारा देता येतो, पण वेळेत पोहोचले तरच. मध्ये बरे वाटले म्हणून घरी थांबू नये. केबिनमधील वासाने असे विष चढत नाही, कारण ग्लायकॉल सहजी उडून जात नाही. गरम फवाऱ्याने घसा व डोळे चुरचुरतात एवढेच. धोका पिण्याचा आहे.

शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत उरलेले हिरवे कूलंट भरून ते सीटखाली किंवा पडवीत ठेवण्याची पद्धत यामुळे सर्वांत धोक्याची. मूळ डबा झाकण लावून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावा. काढलेले जुने कूलंट डब्यात जमा करून, वापरलेले इंजिन तेल नेणाऱ्याने ते स्वीकारले तर त्याच्याकडे द्यावे. मात्र तेलात मिसळू नये. विहीर, ओहोळ आणि शेतापासून तर ते दूरच ठेवावे. सांडलेल्या जागी भुसा किंवा कोरडी माती टाकून ती उचलावी आणि मग पाण्याने धुवावे. फरशीवर कुत्रे चाटत असेल तेवढ्यासाठी वाट पाहू नये.